नायनांनी चादरी आणणं बंद केलं

पूर्वभागची_लेक (१४ डिसेंबर)

नमस्कार मंडळी. वर्षभर इथे नुसती वाचत होते, आज पहिल्यांदा धागा काढतेय. विषय घरचा आहे आणि जरा लांबेल, सांभाळून घ्या.

माझं माहेर सोलापूरच्या पूर्व भागात, अशोक चौकापासून आत. आम्ही पद्मशाली, म्हणजे विणकर समाज. घरात तेलुगू, गल्लीत मराठी, समोरच्या मावशी कन्नड. वडिलांना आम्ही नायना म्हणतो. त्यांनी ३२ वर्षं एका चादरीच्या कारखान्यात यंत्रमाग चालवला. अम्मा घरी विड्या वळायची. लग्न होऊन मी पुण्याला आले त्याला आता १४ वर्षं झाली.

नायना वर्षातून एकदोनदा सकाळच्या हुतात्मा एक्स्प्रेसने पुण्याला यायचे. पिशवीत शेंगाची चटणी, कडक भाकरी आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेली एक चादर. दरवेळी. अख्खी पिशवी खळीच्या वासाने भरलेली असायची. आमचं घर दोन खोल्यांचं. चादर जड, मशीनमध्ये एक घातली की दुसरं काही मावत नाही, पावसाळ्यात तीन दिवस वाळत नाही. मी म्हणायचे, "नायना, कशाला ओझं आणता? ठेवायला जागा नाही." ते म्हणायचे, "राहू दे, थंडीला होईल." सोलापूरला गेलं तरी येताना बॅगेत एक असायचीच. मी मनात धरून चालले होते की कारखान्यात यांना फुकट मिळत असणार, नाहीतर सेकंडचा माल असणार.

दोन वर्षांपूर्वी थंडीत कपाट आवरताना मी चार चादरी आमच्या वॉचमनकाकांना दिल्या. त्यात मला काही वाईट वाटलं नाही, आजही देण्याचं वाईट वाटत नाही. पण आठवड्याभराने नायना आले. गेटवर काका खुर्चीत बसलेले, अंगावर मरून रंगाची मोराची चादर. नायना थांबले. पुढे होऊन त्यांनी चादरीचा काठ चिमटीत धरला, उलटून पाहिला, सोडून दिला. वर आल्यावर एवढंच बोलले, "बरं केलंस. म्हातारा माणूस आहे, त्याला थंडी लागत असेल." जेवले आणि संध्याकाळच्या गाडीने परत गेले.

त्यानंतर चादर आली नाही. चटणी येते, भाकरी येते, चादर नाही. आणि खरं सांगते, मला सुटल्यासारखं वाटलं होतं.

गेल्या महिन्यात अम्मा फोनवर सहज बोलून गेली. कारखाना बंद पडला, मालकाने सगळ्यांचा शेवटचा हिशेब केला, तेव्हा वहीत नायनांच्या नावावर कापलेल्या चादरी निघाल्या. २३. म्हणजे फुकट नव्हत्या. सेकंडच्या तर नव्हत्याच. नवीन डिझाइन मागावर चढलं की त्या पहिल्या मालातली एक ते स्वतः बाजूला काढायचे आणि आठवड्याच्या पगारातून दोन-तीन हप्त्यांत पैसे कापून द्यायचे. म्हणूनच तर एकसारख्या दोन चादरी माझ्याकडे कधी आल्या नाहीत. हे मला इतक्या वर्षांत दिसलं नाही.

नायना आता ७१ वर्षांचे आहेत. मागांच्या खडखडाटात कान गेलेत, फोनवर "बरी आहेस ना? ठेवतो" यापुढे बोलणं होत नाही. मी त्यांना हे सांगावं की नको? सांगितलं तर जुनी जखम उकरल्यासारखं होईल का? आणि तुमच्या घरात असं काही झालंय का, की समोरचा एक देत होता आणि तुम्हाला भलतंच पोचत होतं?

हुरडा

ताई, डोळ्यांत पाणी आलं. पण उकरू नका असं मला वाटतं. वडील मंडळी अशा गोष्टी मनाला लावून घेत नाहीत. पुढच्या वेळी त्यांच्यासमोर एक चादर अंगावर घ्या, त्यांना कळेल.

बाळीवेस

हुरडा, नाही हो. लावून घेतात, नुसतं बोलत नाहीत. माझंच सांगते.

आमच्याकडे नळाला पाणी चार-पाच दिवसांआड येतं, सोलापूरकरांना नव्याने सांगायला नको. आणि येतं ते कधी? कधी पहाटे तीनला, कधी रात्री एकला. लग्न झाल्यापासून पाणी भरायला हेच उठतात. मी उठले की म्हणणार, "जा झोप, तुला काय कळतंय मोटारीचं." २७ वर्षं मी हे ऐकलं आणि दरवेळी मनात खट्टू झाले. बारावीपर्यंत शिकलेली बाई मी, मला एक बटण दाबता येत नाही? माहेरी सांगताना मी म्हणायची, आमचे हे पाण्यालासुद्धा मला हात लावू देत नाहीत, इतका माझ्यावर अविश्वास.

मागच्या वर्षी यांचं हर्नियाचं ऑपरेशन झालं. महिनाभर वाकायचं नाही, उचलायचं नाही. पाणी आलं पावणेतीनला. मी उठले. अंधारात पाइप जोडला, हौदाजवळ गुडघ्यावर बसले, फरशी ओली, पाय गारठलेले. आणि आतून यांचा आवाज. "चप्पल घातलीस का? रबरी घाल. हात पुसून घे. आधी बटण बंद, मग पिन." पलंगावर उठून बसले होते, झोपले नव्हतेच. मी आत येऊन म्हटलं, एवढं काय घाबरताय? तेव्हा सांगितलं. यांच्या चुलत भावाला असंच पहाटे पाणी भरताना मोटारीचा शॉक बसला होता, हे तेव्हा समोर उभे होते. भाऊ वाचला, पण हाताला कायमची इजा झाली. आमच्या लग्नाच्या दोन वर्षं आधीची गोष्ट.

"तुला काय कळतंय" याच्या आत ही भीती होती, आणि मला आतापर्यंत त्यात फक्त अपमान ऐकू आला. एक वाक्य होतं ओ, सांगायला अर्धा मिनिट लागला असता. म्हणून तुम्ही सांगाच. नायनांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने सांगा.

उन्हाळी_दुपार

सगळ्यांचं वाचलं. तुमचं दुःख खरं आहे, त्याबद्दल शंका नाही. पण मला जरा वेगळं बोलायचंय, राग मानू नका.

न बोलता करत राहणाऱ्या माणसाचं आपण फार कौतुक करतो. माझा नवरा तसाच आहे. चार वर्षांपूर्वी माझं पाचव्या महिन्यात बाळ गेलं. त्या तीन दिवसांत त्याने काय नाही केलं? रक्ताची बाटली मिळवायला रात्री दोन रक्तपेढ्या पालथ्या घातल्या, बिलं भरली, ऑफिसला कळवलं, माझ्या आईला गावाहून आणलं. फक्त माझ्या कॉटजवळ दहा मिनिटं बसला नाही. आला की उभ्या उभ्या विचारायचा, "काय आणू?" मला काही आणायला नको होतं.

महिन्याने मी हे बोलले तर त्याचा चेहरा उतरला. म्हणाला, "मी कशात कमी पडलो?" आणि तो खरंच कशात कमी पडला नव्हता. हीच तर अडचण आहे. मी यादी करत नव्हते. मला त्याचा हात हवा होता, आणि तो माझ्यासमोर रडला असता तर मला बरं वाटलं असतं. त्या खोलीत बाळासाठी मी एकटीच रडतेय असं मला वाटत राहिलं.

दुसरं एक. नवऱ्याने पाणी भरलं, चादर आणली, की आपण त्यात प्रेम शोधतो, आणि शोधावंही. पण त्याच घरात बाई ३० वर्षं रोज भाकरी थापते, ऐन उन्हाळ्यात ४३-४४ अंशांत चुलीपुढे उभी राहते, त्याला कुणी प्रेम म्हणत नाही. ती रीत. बाळीवेसकाकू, तुम्ही २७ वर्षं जे केलंत ते यांनी कधी ओळखलं का?

बाळीवेस

नाही. खरं ते सांगते, नाही ओळखलं. तुमच्या प्रश्नाने मला थांबवलं. आज रात्री विचारणार आहे.

होटगीरोडकर

उन्हाळी_दुपार, मी तुमच्या नवऱ्यासारखा माणूस आहे, म्हणून लिहितो. त्याची बाजू घ्यायची नाहीये, आत काय चालतं तेवढं सांगतो.

माझे सासरे वारले तेव्हा मी असाच पळत होतो. दाखला, गाडी, मंडप, तेराव्याचा स्वयंपाकी. पळत होतो कारण बसलो असतो तर मोडलो असतो, आणि आमच्या घरात पुरुष मोडत नाही असं लहानपणापासून डोक्यात भरवलेलं. बायकोला वाटलं मला तिच्या वडिलांचं काहीच नाही, मी लग्नकार्य उरकावं तसं उरकतोय. पाचव्या दिवशी तिने सगळ्यांदेखत सांगितलं, "स्वयंपाक्याला पोरगं सांगून येईल. तू इथं बस."

बसलो. हाताचं काय करायचं कळेना. समोर कुणीतरी भुईमुगाच्या शेंगांचं पोतं आणून ठेवलं होतं, मी फोडायला लागलो. ती पण फोडायला लागली. तासाभराने तिने वडिलांचं बोलायला सुरुवात केली. ते तिला सायकलवर बसवून गड्ड्याला, म्हणजे सिद्धेश्वरांच्या जत्रेला न्यायचे, ते सगळं. मी तेव्हा रडलो.

आता आमच्या घरी काही बिनसलं की कुणीतरी शेंगा काढतं. हात गुंतलेले असले की मला बोलता येतं. नुसतं समोरासमोर बसवून "बोल" म्हटलं तर आजही येत नाही. तुमच्या नवऱ्याला काहीतरी हातात द्या आणि शेजारी बसवून घ्या. चार वर्षं झाली असली तरी त्याच्या आत ते बाळ असणार.

उन्हाळी_दुपार

हे मी दोनदा वाचलं. धन्यवाद, दादा.

शेंगापोळी

मला वेगळं विचारायचंय. माझा मोठा भाऊ दिवसातून दहादा फोन करतो. कुठे आहेस, कुणाबरोबर आहेस, फोटो पाठव. मी २४ वर्षांची आहे, नोकरी करते. काही म्हटलं की आई म्हणते, "त्याचा जीव आहे गं तुझ्यावर, तुला प्रेम कळत नाही." हा धागा वाचून मला भीती वाटतेय की माझंच समजण्यात चुकतंय का?

बाळीवेस

पोरी, तुझं काही चुकत नाहीये. वरची गोष्ट पुन्हा वाच. लेक "नको" म्हणाली, तिने चादर देऊन टाकली, नायनांना लागलं असेल, तरी त्यांनी आणणं थांबवलं. तू नको म्हटल्यावर भाऊ थांबतो का? थांबत नसेल तर त्याला काळजी म्हणू नकोस, कुणी कितीही म्हणू दे. आईला माझा हा प्रतिसाद दाखव.

कुंभारी_नाका

मी कधी कुठे हे बोललो नाही. माझी आई पण विडीकामगार. कुंभारीच्या विडी घरकुलात आम्ही लहानाचे मोठे झालो. रोजच्या हजार विड्या झाल्याशिवाय आई सुपावरून उठायची नाही. मजुरी हजारावर मिळते आणि कारखान्यात तपासताना छाट, म्हणजे बाद विड्या निघतात, म्हणून वर थोड्या जास्त वळायला लागायच्या. तिच्या बोटांना, पदराला, अंथरुणाला तंबाखूचा वास.

मी तिसरीत होतो. शाळेत एका मुलाने नाक धरलं. घरी आलो, आईने गालावरून हात फिरवायला हात पुढे केला, तर मी म्हणालो, "हात लावू नको, वास येतो." तिने हात मागे घेतला. त्यानंतर तिने मला जागेपणी कधी कुरवाळलं नाही. धाकट्या बहिणीला मांडीवर घ्यायची, मला नाही. मी मोठा झालो ते मनात हेच धरून, की आईचा जीव बहिणीवर आहे.

बहिणीच्या लग्नात, हळदीच्या रात्री, बहीणच मला म्हणाली, "तुला माहीत नाही? तू झोपलास की आई साबणाने हात धुऊन यायची आणि तुझ्याजवळ बसायची. मी कितीदा पाहिलंय." मी ३१ वर्षांचा होतो तेव्हा. मंडपामागे जाऊन बराच वेळ उभा राहिलो.

पूर्वभागची_लेक, तुमचे नायना आहेत. माझी आई आता नाही. जा आणि सांगा.

जुनी_मिल

थोडं चादरीबद्दल, कारण इथे पुण्या-मुंबईचेही लोक वाचतात. सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन आहे, तरी सोलापुरी म्हणून बाजारात विकला जाणारा बराच माल पानिपतचा असतो, आणि त्या स्वस्ताईपुढे इथले कारखाने एकेक करून बंद पडले. खरी चादर जॅकार्ड मागावर विणतात, पुठ्ठ्याच्या पत्त्यांना भोकं पाडून नक्षी चढवलेली असते. ही नक्षी दोन्ही बाजूंना येते, रंग उलटे होऊन. नायनांनी काठ उलटून पाहिला म्हणता, तो विणणाऱ्या माणसाचा हात होता. ताई, उरलेल्या चादरी जपा. तो माल आता कुणी विणणार नाही.

पांढरी_बाराबंदी

गड्डा तोंडावर आलाय म्हणून सुचलं ते लिहितो. दरवर्षी संक्रांतीच्या आदल्या दिवशी, बहुतेक १३ जानेवारीला, संमती कट्ट्यापाशी आपण सगळे अक्षता टाकतो. सातही नंदीध्वज, त्या उंच सजवलेल्या काठ्या, उभे, "सत्यम सत्यम, दिड्डम दिड्डम" म्हणत लाखाच्या गर्दीत तांदूळ उडतात. लग्न सिद्धेश्वरांच्या, म्हणजे सिद्धरामेश्वरांच्या, योगदंडाचं (हातातल्या काठीचं) आणि कुंभारकन्येचं. आपण ही आख्यायिका इतक्या वेळा ऐकलीय की तिच्याकडे नीट बघत नाही.

ती मुलगी रोज सिद्धरामेश्वरांच्या अंगणात सडा घालायची, रांगोळी काढायची. हे तिचं करणं होतं. तपाला बसलेल्या योग्याला ती भक्ती वाटली असेल, सेवा वाटली असेल. मग तिने तोंडाने सांगितलं, मला तुमच्याशी लग्न करायचंय. आणि त्यांनीही तोंडानेच उत्तर दिलं, मी मल्लिकार्जुनाला वाहिलेला आहे, लग्न होणार नाही, पण तुझ्या मनासाठी योगदंडाशी विवाह कर. बाराव्या शतकात, या गावात, एका कुंभाराच्या पोरीने रांगोळीवर भागवलं नाही. पुढे ती सती गेली, गड्ड्यातला होम त्याचाच, हे सोलापुरात सगळ्यांना माहीत आहे आणि ते मला लहानपणापासून बोचतं. पण तिचं बोलणं मला फार मोठं वाटतं. एवढ्या ज्ञानी माणसालाही नुसत्या रांगोळीवरून कळलं नव्हतं, तर आपल्या घरच्यांना कसं कळेल?

नायनांना गड्ड्यात भेटा, ताई.

पूर्वभागची_लेक (१७ जानेवारी)

उशिरा लिहितेय, माफ करा. आम्ही १२ तारखेला सगळेच सोलापूरला गेलो. १३ ला नायनांबरोबर अक्षतेला गेलो. उन्हात तीन तास ते उभे होते, नातवाला खांद्यावर घ्यायला निघाले होते, ह्यांनी अडवलं.

संध्याकाळी घरी ओट्यावर बसलो होतो. मी तेलुगूतच बोलले, आधी नेहमीच्या आवाजात. ते म्हणाले, "काय?" मग मोठ्याने. परत "काय?" तिसऱ्यांदा मी ओरडूनच म्हटलं, "नायना, तुमच्या चादरी मला फुकटच्या वाटल्या होत्या. अम्माने सांगितलं तेव्हा कळलं. माझं चुकलं." समोरच्या मावशींनी टीव्ही बंद केला. अख्ख्या गल्लीने ऐकलं असेल. मला त्या वेळी त्याचं काही वाटलं नाही.

नायना बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "फुकट कोण देतं?" आणि परत गप्प. मला वाटलं संपलं. तर म्हणाले, "तो माणूस मोर उलटा पांघरून बसला होता. फिकट बाजू वर. त्याला सांग, गडद बाजू वर घ्यायची. आणि धुतल्यावर सावलीत वाळव म्हणावं, रंग टिकेल." मी विचारलं, ती परत मागून घेऊ का? ते चिडलेच. "दिलेली वस्तू कुणी मागतं का?"

बाकीच्यांतल्या नऊ माझ्याकडे उरल्यात. जुनी_मिल यांचं वाचून मी त्यांचे फोटो काढून नेले होते. मोबाइल त्यांच्या हातात दिला. ते बोटाने एकेक सरकवत गेले. "ही तू पहिल्यांदा दिवाळीला आलीस तेव्हाची. ही तुझी नोकरी लागली तेव्हा मागावर होती. ही..." एक हिरव्या बुट्ट्यांची आहे, तिच्यावर थांबले. "ही तू बाळंतीण होतीस तेव्हाची. रात्रपाळीला काढली. दोन धागे तुटले होते, मी परत जोडले, दिसतात का बघ." मी फोटो मोठा करून पाहिला. दिसत नाहीत.

ह्यांना इतकी वर्षं वाटायचं की सासरे आपल्यावर चिडून बोलतात. मागावर ३२ वर्षं ओरडूनच बोलायला लागायचं, तोच आवाज राहिलाय, हे मीही त्यांना कधी सांगितलं नव्हतं. परवा ते नायनांशी तसंच ओरडून बोलत होते, दोघं मिळून नातवाला मागावरचा धोटा कसा धावतो ते हाताने दाखवत होते.

पुण्याला आल्यावर वॉचमनकाकांना निरोप दिला. त्यांनी लगेच चादर उलटून घेतली आणि म्हणाले, "वडिलांना माझा नमस्कार सांगा, दोन हिवाळे निघाले माझे."

बाळीवेस

फार बरं वाटलं. मी पण विचारलं होतं बरं का, त्याच रात्री. हे म्हणाले, "भाकरी? तुझ्या हातच्या भाकरीशिवाय मी बहिणीकडे पण दोन दिवस राहत नाही, तुला माहीत नाही?" नव्हतं माहीत. मला वाटायचं यांना बहिणीकडे करमत नाही.

उन्हाळी_दुपार

आम्ही बाळाचं नाव ठरवलं होतं. परवा तो ते नाव पहिल्यांदा मोठ्याने बोलला. इथे एवढंच लिहिते.

जुनी_मिल

ताई, त्या नऊ चादरींचे फोटो इथे टाका की ओ. दोन्ही बाजूंचे.

पूर्वभागची_लेक

टाकते. पहिल्या दिवाळीची कपाटात सगळ्यात खाली आहे, काढून उन्हं उतरल्यावर गच्चीवर पसरते आणि मग काढते फोटो.